गिटारच्या फ्रेटबोर्डचे ठिपके घरी करायचेत? पितळेपासून सुरुवात कर

भाऊ, फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवर तारांखाली असते ती लाकडी पट्टी. तिच्यावरच्या खुणेच्या ठिपक्यांसाठी पहिल्याच खेपेला शिंपल्याच्या मागे लागू नको. तो ठिसूळ असतो, शिवाय त्याची भुकटी फुप्फुसांना वाईट. नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात 6 मिमीची पितळी सळई माग, हॅकसॉने 2 मिमीच्या चकत्या काप आणि कडा कानशीने साफ कर. झाले ठिपके!

खरी परीक्षा भोकांची आहे, तिथे घाई नको. मधली रेषा आख, दोन फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) बरोबर मधोमध, म्हणजे घरात, टोच्याने खूण कर. ड्रिलचं साधं बिट लाकडावर सरकतं, म्हणून मधे अणकुचीदार टोक असलेलंच घे. खोली 1.5 मिमी पुरे, म्हणजे चकती थोडी वर राहते आणि घासून सपाट करता येते. खोलीची खूण म्हणून बिटला टेप लावताना माप कापणाऱ्या कडेपासून घे, टोकापासून नाही. इथेच बहुतेकांचं भोक उथळ राहतं.

नवशिके हमखास चुकतात ते असं:
- थेट वाजत्या गिटारवर हात घालतात. आधी सागवानाच्या तुकड्यावर पाच-सहा ठिपके बसव. सळई आणि बिट यांचं माप जुळतं का, तेही तिथेच कळेल.
- चकत्या चिकटवायची एपॉक्सी (दोन भाग कालवून होणारा गोंद) एकदम जास्त कालवतात. नागपूरच्या मे महिन्यात ती बघता बघता घट्ट होते.
- जोर लावून घासतात. पितळ तापतं, गोंद सुटतो. थांबत थांबत घास, मास्क लावून.

बाराव्या घरात दोन ठिपके येतात, ते सगळ्यात शेवटी कर. तोवर हात बसलेला असेल. तारे, वेली, नक्षी यांचं पुढे बघू.