बारावीनंतर नौदल: पुण्यातल्या मुलामुलींसाठी थोडं स्पष्ट

खडकवासला घराजवळ आहे, म्हणून तिथली एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हाच एक रस्ता असं समजू नकोस. नौदलात अधिकारी व्हायला बारावीनंतर दोन दारं आहेत. एनडीएसाठी यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावी लागते: गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600, आणि पुढे एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत 900 गुणांची. दुसरं दार म्हणजे केरळातल्या एळीमलाच्या नौदल अकादमीत थेट चार वर्षांचं बी.टेक. त्याला जेईई मेनच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, रँकवरून एसएसबीला बोलावतात. फी नौदल भरतं. जेईई तर तू देणारच आहेस, मग हा अर्ज का सोडायचा? मुलींनाही 2022 पासून एनडीएत प्रवेश आहे, तेव्हा बहिणीलाही सांग.

क्लास लावण्याआधी डोळे तपासून घे. रंगांधळेपण निघालं तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि पाण्याचंच बोलायचं तर पोहणं आत्ताच शीक. टिळक टँकला नाव घाल, उन्हाळ्याची वाट बघू नकोस. एनडीएत पीकॉक बेवर, म्हणजे खडकवासल्याच्याच पाण्यावर, होड्या आणि शिडं हाताळावी लागतात. पाण्याला बिचकणाऱ्याचे तिथे हाल होतात.

एसएसबी पाच दिवस चालते. त्यासाठी पाठ केलेली उत्तरं कामाची नाहीत, परीक्षकांनी ती शंभरदा ऐकलेली असतात. त्यापेक्षा गणपतीत मंडळाचं एखादं काम अंगावर घे, वर्गणीचा हिशोब चोख ठेव. गटात चार जणांना सांभाळून घेणं तिथेच येतं.

गणिताला मात्र रोज बस. चुकीच्या उत्तराला गुण कापतात.