ऑफिसात रजा मागताना इंग्रजीत काय लिहावं? 'आय बेग टू स्टेट दॅट' अजून चालतं का?

कंपनीच्या मेलमध्ये मुळीच नको. 'आय वुड लाइक टू टेक थर्सडे ऑफ' किंवा 'कुड आय टेक थर्सडे अँड फ्रायडे ऑफ?' एवढं पुरतं. खाली एका ओळीत तुमचं काम कोण बघणार ते लिहा. 'काइंडली डू द नीडफुल' तर नकोच.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमचे साहेब बाहेरगावचे, तेव्हा नवीनच आले होते. त्यांच्या हिशेबी धुळवड झाली म्हणजे रंग संपला. आता नाशकात रंग खेळतात रंगपंचमीला! पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, त्या दिवशी उघडतात आणि तिवंधा चौकातल्या रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारल्याशिवाय मला सण झाल्यासारखा वाटत नाही. मी सरळ लिहिलं, 'इट्स रंगपंचमी, आय वुड लाइक टू टेक द डे ऑफ'.

टाइम ऑफिसातले आमचे काका खवळले. मायना नाही, 'रिस्पेक्टेड सर' नाही, आणि सणाचं कारण कोणी देतं का? त्यांच्या सल्ल्याने बाकीच्यांनी 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर' लिहून दिलं. साहेबांचं मला उत्तर आलं, 'शुअर, एन्जॉय'. दुसऱ्या दिवशी तापातून उठलेली मंडळी शिफ्टला आली ती केशरी कान घेऊन. रहाडीचा रंग एका अंघोळीत जातो होय! काका आजही म्हणतात, साहेब चांगले होते म्हणून तुझं निभावलं. असेल. पण साहेब वाईट असते तर ते कान त्यांना दिसले नसते का?

म्हणून खोटा आजार लिहू नका. 'पर्सनल वर्क' म्हटलं तरी कोणी खोदून विचारत नाही. खरंच बरं नसेल तर सकाळी 'आय ॲम नॉट फीलिंग वेल, आय वोन्ट बी एबल टू कम इन टुडे' एवढंच पाठवा. जुलाब किती झाले ते साहेबाला कळवायची गरज नसते. शाळेला 'माय डॉटर वोन्ट बी इन स्कूल टुमॉरो' आणि पुढे कारण. 'आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो' मात्र रजा मंजूर झाल्यावरच लिहा, नाहीतर परवानगी न मागता नुसतं कळवल्यासारखं होतं.

हां, सरकारी कार्यालयात असाल तर तिथला छापील नमुना मुकाट्याने भरा. तिथे माझं काही चालणार नाही, काकांचंच चालेल.