वाचक विचारतात : एम ५१ च्या भुजा दिसत का नाहीत?

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून १२ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीने एम ५१ ही दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) पाहिली. दोन पुसट ठिपके दिसले, सर्पिल भुजा नाहीतच. दुर्बिणीच्या आरशात दोष असेल का? लाइट पोल्युशन फिल्टर (शहरी उजेड अडवणारी काच) घेऊ का?

उत्तर : आरशाला बोल लावू नका. तुम्हाला दिसलेले ठिपके म्हणजे एम ५१ आणि तिच्या शेजारची दीर्घिका एनजीसी ५१९५, या दोघींचे गाभे. भुजांचा उजेड मंद आणि पसरट असतो. शहरी आकाशात तो बुडून जातो. फिल्टर मुळीच घेऊ नका. चमकत्या वायूच्या तेजोमेघाचा प्रकाश मोजक्या तरंगलांबींचा (रंगांचा) असतो, म्हणून तिथे फिल्टर चालतो. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. फिल्टर तोही कापतो. ते पैसे पेट्रोलला ठेवा.

सोलापूरहून एम ५१ उत्तरेला सुमारे ६० अंशांवर चढते. तेव्हा शहराच्या उत्तरेला जा, बार्शी रस्त्याने नान्नजच्या पुढे (अभयारण्याची हद्द सोडून). शहराचा उजेड पाठीशी राहतो. दक्षिणेला गेलात तर तोच उजेड नेमका दीर्घिकेच्या दिशेला येतो. रात्र अमावास्येच्या आसपासची घ्या. एप्रिलच्या मध्यात ती साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच असते, मेच्या मध्यात साडेदहाला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट हमखास चुकते. दिवसभर तापलेल्या खोलीतली दुर्बीण थेट आकाशाकडे वळवली की आरशावरून गरम हवा उठत राहते आणि प्रतिमा पातळ होते. किमान तासभर आधी दुर्बीण उघड्यावर ठेवा, आरशामागचा पंखा चालू करा. मग कॉलिमेशन (आरशांची जुळणी) तपासा : १५० पट वर्धनाला तारा किंचित आउट ऑफ फोकस करा, कडी एकात एक, समकेंद्री दिसली पाहिजेत.

शोधायला सप्तर्षींच्या शेपटीचा शेवटचा तारा, मरीची, धरा. एम ५१ सर्वांत उंच आलेली असताना उत्तरेकडे तोंड केलं, तर ती मरीचीच्या डावीकडे ३ अंश आणि वर २ अंश असते. फाइंडरमध्ये (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) चित्र उलटं दिसतं, हे विसरू नका. एफ/५ दुर्बिणीत (केंद्रांतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) २५ मिमी आयपीसने (डोळ्याजवळचं भिंग; वर्धन ६० पट) शोधा, मग १० किंवा १२ मिमी लावा. पट वाढवले की आकाश काळवंडतं आणि मोठा झालेला मंद आकार डोळा सहज पकडतो.

त्याआधी ३० मिनिटं मोबाइल बंद. डोक्यावर काळं कापड घ्या. मंद उजेड थेट पाहण्यापेक्षा नजरेच्या कडेने जास्त दिसतो. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर दीर्घिकेच्या जरा उजवीकडे ठेवा, म्हणजे ती अंधबिंदूवर (डोळ्यातल्या न दिसणाऱ्या जागेवर) पडणार नाही. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर असताना हरवलेली कड हलताना दिसते. आधी गाभ्याभोवती धूसर वलय दिसेल, मग गाभा आणि वलय यांच्यामधली काळसर फट. ती फट वळताना दिसली की भुजा सापडली. रंग मात्र शोधू नका, इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला सगळं राखाडीच दिसतं. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी या भुजा पहिल्यांदा ओळखल्या, त्या ७२ इंची दुर्बिणीतून. तुम्ही १२ इंचांतून पाहताय, निदान अर्धा तास तरी आयपीसवरून उठू नका.

प्रश्न : आरशावर धूळ बसलीय. मऊ कापडाने पुसू?

उत्तर : नाही. धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात. थोड्या धुळीने प्रकाश फारसा घटत नाही. थर फारच जाड झाला तर आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि उभा ठेवून सुकू द्या.