आरती म्हणता येते, पण ‘पाणी’ म्हणता येत नाही

वाचकांचे प्रश्न : संगीतोपचार

प्रश्न : माझ्या यजमानांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून नीट चालत नाही आणि बोलणे जवळजवळ बंद आहे. आमचे सगळे त्यांना समजते, पण ‘पाणी’ एवढा एक शब्द काढताना ते घामाघूम होतात. गणपतीत मात्र आरती सुरू झाली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता म्हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मौन. आरती येते, तर बोलणे का येत नाही? गाण्याने वाचा परत येईल का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आपल्या घरात जे घडले, ते वैद्यांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. उजवी बाजू लुळी पडून वाचा गेलेला एक तरुण चर्चमधली भजने मात्र म्हणू शकतो, अशी नोंद स्वीडनमध्ये १७४५ सालीच झालेली आढळते. बहुतेक माणसांत बोलण्याची जुळवाजुळव मेंदूच्या डाव्या अर्धगोलात होते आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धगोल चालवतो. म्हणून हात आणि वाचा यांवर एकदमच घाला पडतो. सूर सांभाळण्याच्या कामात मात्र उजव्या अर्धगोलाचा वाटा मोठा असतो, आणि तो आपल्या यजमानांच्या बाबतीत बहुधा शाबूत राहिला आहे.

शिवाय आरती ही लहानपणापासून घोटलेली साखळी आहे. पाढे किंवा वारांची नावे जशी एकामागून एक ओघाने येतात, तशी तिची एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. ‘पाणी’ म्हणताना मात्र तो शब्द नव्याने निवडावा लागतो आणि ओठ, जीभ, श्वास यांना त्याच्या क्रमाने लावावे लागते. त्यामुळे आरतीतले शब्द सुटे करून बोलण्यात वापरता येत नाहीत. हे मी स्पष्टच सांगते, कारण अनेक घरांत दिवसभर भजने लावून ठेवतात, महिनोन्‌महिने वाट पाहतात आणि शेवटी रुग्णाच्याच जिद्दीला दोष देतात.

उपयोग होतो तो वेगळ्या रीतीने. १९७३ मध्ये बोस्टन येथे मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ ही पद्धत मांडली. तीत प्रसिद्ध गाणी नसतात. रोजच्या गरजेची छोटी वाक्ये दोनच सुरांवर, एक खालचा आणि एक वरचा, संथपणे म्हटली जातात. समजा, वाक्य आहे ‘पाणी दे’. उपचारतज्ज्ञ रुग्णाचा डावा हात आपल्या हातात घेतात आणि प्रत्येक अक्षराला तो टेबलावर हलकेच टेकवतात. आधी दोघे तोंड मिटून नुसते गुणगुणतात, मग दोघे मिळून शब्द म्हणतात, मग उपचारतज्ज्ञ अर्ध्यावर थांबतात आणि उरलेले रुग्णाने पुरे करायचे असते. पुढे ‘काय हवं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तेच वाक्य यावे लागते, आणि अखेरीस सूर हळूहळू काढून घेऊन साधे बोलणे उरते. कसरतीसाठी वाक्ये निवडताना पाणी, चहा, बाथरूम, नातवाचे नाव अशी त्यांना दिवसातून दहा वेळा लागणारीच घ्यावीत, कारण सराव केलेली वाक्ये सर्वांत पक्की होतात; सराव न केलेल्या बोलण्यावर परिणाम होतो, पण तो त्यामानाने कमी असतो.

ज्यांना ऐकलेले बऱ्यापैकी समजते आणि बोलणे अडखळते, अशांसाठी ही पद्धत आहे. आपल्या वर्णनावरून यजमान त्यांत बसतील असे वाटते, तरी निर्णय तपासणीनंतरच व्हावा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तेथेही चौकशी करता येईल. आठ महिने उलटले म्हणून वेळ गेली असे मुळीच समजू नका. आणि आरती? ती रोज म्हणू द्या. दिवसभर गप्प बसावे लागणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : कोणत्या रोगावर कोणता राग ऐकावा, याचा तक्ता मला मोबाइलवर आला आहे. रक्तदाबासाठी सांगितलेला राग मी रोज ऐकतो. गोळी कमी करावी का?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गोळी कमी करू नका, तो निर्णय आपल्या डॉक्टरांचा आहे. रागसंगीतावर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणूनच असे तक्ते पाहून वाईट वाटते. एका रोगाला एक राग, अशा वाटणीला शास्त्रीय आधार नाही. आवडीचे संथ संगीत ऐकल्याने शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती कमी होते, याला मात्र चांगला आधार आहे, आणि त्यात ‘आवडीचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

प्रश्न : सासऱ्यांना कंपवात आहे. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तालावर चालणे सोपे जाते, असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे आहे. कंपवातात हालचालींना आतून वेळ देणारी यंत्रणा बिघडते, तेव्हा बाहेरचा ठोका तिची जागा काही प्रमाणात घेऊ शकतो. मायकेल थाऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर पायाभूत काम केले. सासरे सध्या मिनिटाला किती पावले टाकतात ते मोजा, मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे ॲप) तेवढ्याच गतीला लावा आणि सवय झाल्यावर गती थोडीच वाढवा. गाणे हवे असल्यास भजनी ठेक्याचे घ्या; आठ मात्रांत प्रत्येक मात्रेला एक पाऊल सहज बसते. टाळांच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा, वाटेतील पायपुसणी उचला आणि शेजारी कोणीतरी असू द्या.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. तो बोलत नाही, पण डबे वाजवतो. त्याला तबल्याच्या वर्गाला घालावे का? शाळेच्या स्नेहसंमेलनात तो कान झाकून रडला.
— एक आई, पुणे

उत्तर : तबल्याच्या वर्गात मुलाने गुरुजींच्या मागे जायचे असते, तर संगीतोपचारात उपचारतज्ज्ञ मुलाच्या मागे जातात. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक यांनी १९५९ पासून ही वाट रुळवली. मुलाने डब्यावर तीन ठोके दिले, तर समोरून ढोलकीवर तेच तीन ठोके येतात. तो थांबला की समोरची व्यक्तीही थांबते. चौथ्या-पाचव्या वेळी तो मुद्दाम थांबून वर पाहतो, की आता काय होते. ‘माझी पाळी, तुझी पाळी’ हा संवादाचा पाया तेथे शब्दांवाचून घातला जातो.

तरीही अपेक्षा बेताच्या ठेवा. नऊ देशांतील ३६४ मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून ‘स्वमग्नता बरी करतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पुढच्या तीन महिन्यांत नेमके काय साधायचे आणि ते कसे मोजायचे, हे लिहून देणाऱ्याकडे जा. वाचा-उपचार थांबवू नका. घरी रोज दहा मिनिटे त्याच्यासमोर दुसरा डबा घेऊन बसा, त्याच्यापेक्षा हळू वाजवा आणि तो थांबला की थांबा. पुढच्या स्नेहसंमेलनात त्याला ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळ बसवण्याची विनंती शाळेला आधीच करून ठेवा.