फलाट आखूड पडले, इमारत राहिली

प्रश्न : मुलीकडे पॅरिसला चाललो आहोत. तिथलं ऑर्से संग्रहालय पूर्वी रेल्वे स्टेशन होतं म्हणे. मग ते बंद का पडलं? आणि आत गेल्यावर स्टेशनाच्या काही खुणा दिसतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, स्टेशनच होतं. आणि ते बंद पडलं ते फलाट आखूड पडले म्हणून. मी जन्मभर रेल्वेत काढला. जादा डबे जोडलेल्या गाडीतून मागची माणसं, कडेवर पोर घेऊन, खाली खडीवर उतरताना पाहिली आहेत. त्यामुळे हे कारण मला लगेच उमगलं.

१९००च्या जागतिक प्रदर्शनाला येणारे पाहुणे थेट शहराच्या मध्यात उतरावेत म्हणून व्हिक्तोर लालू या वास्तुविशारदाने सीन नदीकाठी हे टर्मिनस उभारलं. पॅरिसमधल्याच ऑस्टरलिट्झ स्टेशनाकडून बोगद्यातून येणाऱ्या गाड्या विजेवर चालत. धूर नाही, काजळी नाही. म्हणून तर काचेचं छत, त्यावरची कोरीव फुलं आणि स्टेशनाला लागूनच ३७० खोल्यांचं हॉटेल असा थाट करता आला. पण पुढे विजेच्या गाड्या लांबत गेल्या आणि त्या फलाटांवर मावेनात. १९३९नंतर तिथे फक्त उपनगरी गाड्या उरल्या. १९४५मध्ये सुटून आलेल्या युद्धकैद्यांचं स्वागतकेंद्र इथेच होतं.

नंतर ही इमारत पाडून तिथे मोठं हॉटेल बांधायचं घाटत होतं. पण १९७१मध्ये पॅरिसमधल्याच ‘ले आल’ या जुन्या बाजाराचे लोखंडी मंडप पाडले गेले आणि लोक हळहळले. त्या हळहळीने ऑर्से वाचलं. १९७३मध्ये वारसा यादीत नाव लागलं, १९७८मध्ये पूर्ण संरक्षण मिळालं आणि डिसेंबर १९८६मध्ये संग्रहालय उघडलं. आतली मांडणी गाए औलेन्ती या इटालियन बाईंची. त्यांच्या दगडी भिंती मला जरा जड वाटल्या, पण स्टेशन त्यांनी झाकलं नाही, हे फार मोलाचं.

आत पायऱ्या उतरून मधल्या दालनात जा. आज पुतळ्यांच्या रांगा आहेत तिथे रूळ होते. मग मागे वळून सोनेरी घड्याळ बघा. पाचव्या मजल्यावर आणखी एक भलं मोठं घड्याळ आहे. ते आतून दिसतं, त्यामुळे आकडे उलटे आणि काचेपलीकडे सीन. तिथे घाई करू नका.

आणखी एक. इमारतीखालून उपनगरी गाडी अजून धावते, ‘सी’ मार्गाची. ऑस्टरलिट्झला बसा आणि ऑर्सेला उतरा, म्हणजे १९००चे प्रवासी आले त्याच बोगद्यातून याल.