कोकणातल्या कच्च्या रस्त्यासाठी थार, थार रॉक्स, जिम्नी की गुरखा? ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहून ठरवावे का?

आपण पुण्यात राहता, राजापूरजवळ आपली आंब्याची बाग आहे, शेवटचे तीन किलोमीटर जांभ्या दगडाची कच्ची वाट आहे आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा आई-वडील असतात, असे आपण लिहिले आहे. फोर्सच्या गुरखाचा ग्राउंड क्लिअरन्स 233 मिमी, महिंद्राच्या थारचा 226 आणि मारुतीच्या जिम्नीचा 210, तेव्हा गुरखाच सर्वांत योग्य असे समजावे का, हा आपला प्रश्न. माझीही बाग त्याच बाजूला आहे आणि गेली नऊ वर्षे अशाच वाटेने मी गाडी नेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुरखा आणि जिम्नी यांच्या आकड्यांत 23 मिमीचा, म्हणजे एका इंचाहूनही कमी फरक आहे. तेवढ्या फरकावर गाडी निवडू नये. हा आकडा गाडीच्या सर्वांत खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची सांगतो, पण तो भाग कोणता हे सांगत नाही. या चारही गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग, म्हणजे रिजिड अ‍ॅक्सल आहे आणि अशा अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेचा, फुगीर गोळा बराच खाली असतो. हा गोळा चाकांबरोबरच वर-खाली होत असल्यामुळे स्प्रिंग कितीही दबली तरी त्याची जमिनीपासूनची उंची जवळपास तीच राहते, आणि उंच स्प्रिंगा बसवून गाडी उचलली तरी ती वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, तीही निम्म्याने: टायरचा व्यास 50 मिमी वाढला तर गोळा 25 मिमी वर जातो.

यावरून गाडी चालवण्याचा एक नियम निघतो. आमच्या वाटेवर गेल्या पावसाळ्यात कुंपणाचा एक चिरा घरंगळून आला होता. टेपने मोजला तर त्याची उंची नऊ इंच, म्हणजे सुमारे 229 मिमी भरली. असा दगड दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली घेतला तर या चारांपैकी तीन गाड्यांना तो लागेल आणि गुरखा केवळ चार मिलिमीटरने सुटेल. तोच दगड सावकाश चाकाखाली घेतला तर चाकाबरोबर अ‍ॅक्सलही उचलला जातो आणि चारही गाड्या निघून जातात. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झाल्या की मधल्या गवताच्या वरंब्याबाबतही हेच करावे: एक चाक वरंब्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालावे.

भरलेल्या गाडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. माणसे आणि सामान चढले की डिफरन्शियलचा गोळा खाली येत नाही, पण गाडीचा सांगाडा (चासी), गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी आणि मागचा बंपर खाली येतात. आमच्या वाटेवर पाणी वळवण्यासाठी मातीचा एक आडवा बांध घातलेला आहे, त्यावरून माझी रिकामी गाडी कधीच अडली नव्हती. एका मे महिन्यात पाच माणसे आणि बारा पेट्या आंबे घेऊन निघालो आणि गाडीचे पोट बांधावर टेकले, पुढची चाके उतारावर आणि मागची जवळपास अधांतरी. पेट्या उतरवल्या, माणसे उतरली, तेव्हा ती निघाली. अशा जागी ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले पोट न टेकता किती उंचवटा ओलांडता येतो ते, अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि तो मुख्यतः व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर, अवलंबून असतो. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस 2450 मिमी आणि हा कोन सुमारे 26 ते 27 अंश आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या थार रॉक्सचा व्हीलबेस 2850 मिमी असल्याने तो सुमारे 24 अंशांवर येतो.

आता सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी स्प्रिंगांची रचना. थार, रॉक्स आणि गुरखा यांना पुढे प्रत्येक चाकाला वेगळे, डबल विशबोन प्रकारचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तर जिम्नीला पुढेही रिजिड अ‍ॅक्सलच आहे. रिजिड अ‍ॅक्सलचे एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, त्यामुळे खड्ड्या-दगडांत चाके जमीन सोडत नाहीत. जिम्नी मुळातच सुमारे 1200 किलोची हलकी गाडी असल्याने चिखलातही ती पटकन रुतत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनचा लाभ डांबरी रस्त्यावर मिळतो, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे जात नाही आणि स्टिअरिंग स्थिर राहते. एखादे चाक हवेत उचलले गेले तर साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद त्याच चाकाकडे वाहून जाते, आणि इथे गुरखा खरोखर सरस आहे: तिला पुढे आणि मागे, दोन्हीकडे दोन्ही चाके एकत्रच फिरवणारे, चालकाने हाताने लावायचे लॉक आहेत. जिम्नी हेच काम फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून करते, ते तीन किलोमीटरच्या बागेच्या वाटेला पुरते.

आपला प्रवास मात्र तीन किलोमीटरचा नाही. पुण्याहून घाट उतरून राजापूरपर्यंतची कित्येक तासांची डांबरी वाट आई-वडील मागच्या सीटवर बसून काढणार आहेत, आणि मला त्यांची काळजी त्या तीन किलोमीटरपेक्षा अधिक वाटते. रॉक्सच्या मागच्या अ‍ॅक्सलला वॅट्स लिंकेज ही दांड्यांची जोडणी आहे, त्यामुळे अ‍ॅक्सल वर-खाली होताना बाजूला सरकत नाही. जिम्नीत एका आडव्या दांड्यावर हे काम सोपवलेले असल्याने धक्क्यागणिक तो थोडा कडेला जातो आणि मागे बसलेल्याला ते जाणवते. म्हणून माझे मत चार चाकांना ताकद देणाऱ्या रॉक्सच्या बाजूने आहे. आपण दोघेच जात असता आणि वाट अरुंद असती तर मी विचार न करता जिम्नी सांगितली असती. गुरखा घ्यावी ती ज्यांची वाट पावसाळ्यात ओढ्यातून जाते त्यांनी. तिची पाण्यातून जाण्याची मर्यादा 700 मिमी आहे, थार आणि रॉक्सची 650.

चाचणीला जाताना घरच्या सगळ्यांना गाडीत बसवा आणि टेप घेऊन स्वतः गाडीखाली वाका. गिअरबॉक्सखालची पट्टी, पेट्रोल किंवा डिझेलच्या टाकीचे संरक्षक कवच आणि सायलेन्सर यांची उंची रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वेळा मोजून लिहून ठेवा, आणि बागेतल्या बांधाची उंचीही त्याच कागदावर असू द्या. आईला चढायला सोपे जावे म्हणून दाराखाली पायरी लावणार असाल तर ती लावल्यानंतर पुन्हा मोजा.