काकू, गुरुपौर्णिमेला वह्या वाटू का?

जून लागला की या सदराच्या पत्रांचा रंगच बदलतो, उत्सव, भंडारा, वर्गणी, मठ. मी आमच्या गावच्या मठात बावीस वर्षं वाढप करतेय, त्यामुळे लोकांना वाटतं काकूला सगळं ठाऊक. सगळं नाही हां, पण टोपातला भात किती माणसांना पुरेल ते मी लांबून सांगते.

आम्ही दहा-बारा चाकरमानी मिळून दरवर्षी गुरुपौर्णिमेला गावच्या मठात काहीतरी वाटतो. यंदा दोनशे वह्या न्यायचं ठरलंय. मठवाले चालेल म्हणाले. अजून काय लक्षात ठेवू?
(एक वाचक, डोंबिवली, गाव देवगड तालुका)

मठवाले चालेलच म्हणणार हो, दारात आलेल्याला नको कोण म्हणतं! पण कॅलेंडर बघा ना जरा. आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्यावर आणि आषाढी पौर्णिमा येते बहुतेक वेळा जुलैत, म्हणजे तुमच्या वह्या पोचतात तोवर ज्यांना जमतं त्यांनी घेतलेल्या असतात आणि ज्यांना जमत नाही त्यांनी दुकानात उधारी लिहून घेतलेल्या असतात, मास्तर काय महिनाभर थांबतात थोडेच. मग दोनशे वह्या कपाटात. पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत फुकट मिळतात, ती नेऊच नका.

तुम्ही मे महिन्यात आंबे खायला गावी येताच ना? तेव्हाच हेडमास्तरांना भेटा, कोणत्या वर्गाला किती पानी वही लागते, रेघांची की चौकटीची, ते लिहून घ्या, मठात गाऱ्हाणं घाला आणि वह्या शाळेत देऊन मोकळे व्हा. गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा, पालखी, महाप्रसाद जसं चालतं तसं चालू द्या. आणि जुलैतच द्यायचं असेल तर जुलैत जे लागतं ते द्या, छत्री. कोकणातल्या पोराची छत्री पहिल्या पंधरवड्यात वाऱ्याने उलटी होते आणि मग दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोर भिजत जातं. एसटीचा पास पण आहे. मुलींना बारावीपर्यंत मोफत मिळतो, मुलग्यांना सवलत असली तरी पैसे भरावे लागतात, हायस्कूल लांब असलं की ते जाणवतात.

एक गोष्ट सांगते, आमचीच चूक आहे. आम्ही एका वर्षी माइकवरून नावं पुकारली, "गरीब व होतकरू विद्यार्थी" असं म्हणून, वर फोटो. एका मुलीचं नाव तीनदा घेतलं, आली नाही, आम्हाला वाटलं गैरहजर. ती खांबाच्या मागे बसलेली होती, माझ्या लेकीने नंतर सांगितलं. त्यानंतर आम्ही अख्ख्या वर्गाला देतो, बाईंच्या हातून, शाळेत, फोटो नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला काहीतरी हवंच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो टाका, गठ्ठा लाजत नाही.

आमच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीलाच रक्तदान शिबिर ठेवलंय, सकाळी. माझा कडक उपास असतो. उपाशीपोटी रक्त दिलं तर जास्त पुण्य असं एक काका म्हणतात.
(एक वाचक, कुडाळ)

काकांना माझा नमस्कार सांगा आणि ऐकू नका. रिकाम्या पोटी रक्त घेतच नाहीत, कॅम्पवाले आधी विचारतात काय खाल्लंत, कधी खाल्लंत. चार तासांच्या आत नीट खाल्लेलं असावं, पाणी प्यालेलं असावं. नाहीतर चक्कर येऊन पडाल आणि कीर्तन सोडून लोक तुमच्याभोवती जमा होतील.

खरा घोळ तारीख ठरवणाऱ्यांचा आहे. रामाचा जन्म दुपारी बाराला होतो, दत्तजन्म संध्याकाळी, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला कडक उपास करणारे लोक दिवसभर उपाशीच, आणि नेमके तेच उत्साहाने रक्त द्यायला पुढे. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवस चालतो ना, त्यातला मधला एखादा दिवस घ्या की कॅम्पला. तुमचा उपास साबुदाणा-वरीवाला असेल तर पोटभर खाऊन जा, शंका असेल तर दुसऱ्या दिवशी ब्लड बँकेत जाऊन द्या, रक्ताला तिथी नसते.

बाकी नियम माहीत असू देत: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायचं. मलेरिया होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. बायका हिमोग्लोबिनवरच जास्त परत जातात, मी स्वतः दोनदा गेलेय. आणि सगळ्या मठांनी एकाच उत्सवाला कॅम्प लावू नयेत असं मला फार वाटतं, कारण रक्त काही लोणचं नाही, लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, तेव्हा खरी टंचाई असते, तेव्हा घ्या कोणीतरी.

आमच्या भंडाऱ्यात दरवर्षी भात-डाळ उरते. यंदा कार्यकर्त्यांनी रात्री टेम्पोत घालून मजुरांच्या वस्तीवर वाटली. पुण्याचंच काम ना?
(एक वाचक, राजापूर)

दुपारी बाराला शिजलेला भात रात्री नऊला? नाही हो. आपल्या दमट हवेत झाकून ठेवलेला भात चार तासांतच खराब व्हायला लागतो, वास येत नाही तरी. भातात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असतात, शिजवूनही त्यांचे बीजाणू मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. उलट्या होतात. आणि झाल्या तर दवाखाना त्या मजुरांनीच शोधायचा, दुसऱ्या दिवशीची मजुरी त्यांचीच बुडणार.

तुम्ही खाल का तो भात घरी, सांगा मला. नाही ना? मग वस्तीवर द्यायचंच असेल तर पहिला टोप उतरला की त्यातलाच गरम भात आधी तिकडे पाठवा, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं, आणि मग इकडची पंगत बसवा. आम्ही असं करायला लागलो तर दोन जाणत्यांनी नाकं मुरडली, आधी देवाची माणसं म्हणाले. मी म्हटलं नैवेद्य दाखवून झालाय, आता देवाला घाई नाही. त्यापेक्षा त्यांनाच पंगतीला बोलवा म्हणा, ते सगळ्यात बरं. आणि एकदम सगळा तांदूळ चढवू नका, पंगत बघून दुसरा टोप लावा.

महाप्रसादाला निम्मे लोक गाडीतून येऊन जेवून जातात. गरजूंनाच जेवण दिलं तर पैसे वाचतील की.
(एक वाचक, रत्नागिरी)

रत्नागिरीत राहता तर पावसला गेला असालच. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, तिथे तुम्हाला कोणी विचारलं का तुमचं उत्पन्न किती? स्वामी १९७४ साली गेले, पण तिथे अजून गाडीवाला आणि एसटीने आलेला शेजारी बसून तीच खिचडी खातात. तुम्ही गरजूंची वेगळी रांग केलीत की उद्यापासून गरजू येणार नाहीत, त्या खांबामागच्या मुलीसारखे. गाडीवाला बसतो म्हणून तर बाकीच्यांना बसता येतं. आणि तो पेटीत काहीतरी टाकून जातो हो, आमच्या मठात तरी तांदळाचा खर्च बराचसा तिथूनच निघतो.

मठाला पन्नास किलो तांदूळ दिला तर ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मिळेल?
(एक वाचक, मालवण)

नाही, वस्तूरूपाने दिलेल्यावर करसवलत नाही. पैशात द्या, तेही दोन हजारांच्या वर रोख नको, चेक किंवा ऑनलाइन, आणि ट्रस्टला ती मान्यता आहे का आधी विचारा, सगळ्या मठांना नसते. नवीन कररचना घेतली असेल तर विषयच संपला. तांदूळ द्यायचाच असेल तर उकडा द्या, आमच्याकडे पंगतीत उकड्या भाताची पेज मागणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

पत्रावळीऐवजी थर्माकोलची ताटं स्वस्त पडतात, घेऊ का?
(एक वाचक, दापोली)

२०१८ पासून बंदी आहे राज्यात. केळीची पानं आणा, पावसाळ्यात परसात नुसती लोळत असतात.